तारेने बांधलेला पंखा

रविवारी सकाळी गुरुपादप्पांचा ट्रक जर्मनीतल्या एका चढावर अडकला. पुढचा ट्रक त्यांच्या मुलाचा, पंचाक्षरीचा होता. तो वळणाआड निघून गेला. गुरुपादप्पांनी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, मग सवयीनं जमिनीवर पाय आपटला. टेबलाखालच्या कॉम्प्युटरनं एक लांब सुस्कारा सोडला आणि स्क्रीन काळी पडली. जर्मनी गेली. काळ्या काचेत लातूरच्या घरातली खोली दिसायला लागली आणि कानाला हेडफोन लावलेला एक म्हातारा माणूस.

गुरुपादप्पांनी सगळी नोकरी एस.टी.त ड्रायव्हर म्हणून काढली होती. पंचाक्षरी, म्हणजे पंचू, नांदेडला एका बियाण्याच्या कंपनीत होता. कॉम्प्युटर त्याच्या कॉलेजच्या दिवसातला. अभ्यासाला पाहिजे म्हणून त्यानं मागितला होता आणि खेळाला पाहिजे हे ओळखूनही गौरम्मानं, त्याच्या अव्वानं, म्हणजे आईनं, घेऊन दिला होता. पंचू नोकरीला गेला तेव्हा कॉम्प्युटर मागेच राहिला.

गौरम्मा जाऊन वर्ष झालं होतं. ती होती तोवर बापलेकांना एकमेकांशी बोलायची कधी गरज पडली नव्हती. पंचूचं अप्पांना आणि अप्पांचं पंचूला तीच सांगायची. ती गेल्यावर दोघांचे फोन सुरू झाले. "जेवलास?" "हो. तुम्ही?" "हो." "बरं, ठेवू?" एवढं बोलून दोघंही फोन ठेवायचे आणि दोघांनाही वाईट वाटायचं.

दिवाळीला आला तेव्हा पंचूनं ट्रकचा हा खेळ कॉम्प्युटरवर घालून दिला. त्यानं नांदेडहून लॅपटॉपवर खेळायचं आणि अप्पांनी इथून. दोघांचे ट्रक एकाच रस्त्यावर. अप्पांनी एकच अट घातली. कंडक्टरच्या डबल घंटीशिवाय त्यांनी जन्मात गाडी हलवली नव्हती, म्हणून पंचूनं आधी "डबल" म्हणायचं, मग गाडी निघणार. दर रविवारी पंचू हेडफोनमध्ये म्हणायचा, "अप्पा, डबल." की निघाले दोघं. आणि मग दोन सिग्नलच्या मध्ये, टोलनाक्यावर, पावसात वायपर चालू असताना, फोनवर न निघणाऱ्या गोष्टी आपोआप निघायच्या. अव्वाच्या हातची शेंगाचटणी मला जमत नाही, हे पंचू असाच एका पुलावर बोलला होता.

त्यामुळे स्क्रीन काळी पडली तेव्हा गुरुपादप्पांना वाटलं, आता रविवारही गेला.

सोमवारी ते कॉम्प्युटर रिक्षात मांडीवर घेऊन यासेरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. यासेरनं झाकण उघडून फुंकर मारली आणि दोघांनाही बराच वेळ काही दिसलं नाही. धूळ बसल्यावर तो म्हणाला की दोन रस्ते आहेत. यातले दोन-चार भाग बदलून ओढायचा, नाहीतर हा सोडून नवा घ्यायचा.

"म्हंजे इंजनाचं काम काढायचं का नवी गाडी घ्यायची, असंच ना?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"बराबर. पण अप्पा, इंजन नवं टाकलं तर तुमचा जुना गिअरबॉक्स त्याला झेपत न्हाई. गिअरबॉक्स बदलला तर बॉडीत बसत न्हाई. म्हंजे फिरून नवी गाडीच. पंचूला इचारा."

पंचूला विचारणं हीच तर अडचण होती. नवा घ्यायचा म्हटलं तर तो म्हणाला असता, अप्पा, या वयात तुम्हाला खेळायला नवा कॉम्प्युटर कशाला? आणि त्याच्या मनात रविवार बंद करायचाच असेल, तर त्याला हे आयतंच निमित्त मिळालं असतं. पोरगं तरुण आहे, सुटीच्या दिवशी म्हाताऱ्यासोबत ट्रक हाकण्यात त्याला काय रस असणार?

"त्याला नको इचारू," ते म्हणाले. "सध्या चालता कर. कशानं बंद पडायलंय?"

तापून बंद पडत होता. आतला पंखा मरतुकडा झाला होता. यासेरकडे एक मोठा पंखा पडलेला होता, पण त्याचे स्क्रू या डब्याला बसत नव्हते.

"तारेनं बांध," गुरुपादप्पा म्हणाले.

"अप्पा, असं करत न्हाईत."

"वाटेत सायलेन्सर निखळला तर म्या तारेनं बांधून हदगावहून लातूरला गाडी आणलीय. पॅसेंजरला पत्ता लागू दिला न्हाई. आण तार."

त्यांनी स्वतःच पीळ देऊन पंखा बांधला. यासेरनं हात वर केले आणि एवढंच सांगितलं, की बाजूचं झाकण उघडं ठेवा आणि हवा लागेल अशा जागी ठेवा. टेबलाखाली हवा नव्हती. म्हणून गुरुपादप्पांनी घरी आल्यावर कॉम्प्युटर पत्र्याच्या पेटीवर ठेवला आणि पेटी लोखंडी कपाटाला चिकटवून सरकवली.

कपाटावर गौरम्माचा तांब्या होता.

लातूरचा तो मोठा भूकंप झाला त्या पहाटे गुरुपादप्पा मुक्कामाची गाडी घेऊन बाहेरगावी होते. गौरम्मा तान्ह्या पंचूला उचलून एकटी रस्त्यावर आली होती. त्यानंतर तिनं कपाटावर एक पितळी तांब्या पालथा घातला आणि त्याच्या बुडावर स्टीलचा पेला उभा केला. जमीन जरा हलली की पेला पडणार आणि जाग येणार. "तुम्ही गाडीवर असता," ती म्हणाली होती, "मला उठवणार कोण?" तेव्हा गल्लीत घरोघरी असे तांब्या-पेले होते. हळूहळू लोकांनी ते उतरवले आणि पाणी प्यायला घेतले. गौरम्मानं तो शेवटपर्यंत ठेवला. मग गल्लीनं आपली सगळी काळजी तिच्या कपाटावर ठेवली आणि निर्धास्त झाली. ती गेल्यावर गुरुपादप्पा रोज पेला पुसून परत त्याच जागी ठेवायचे.

पुढच्या रविवारी दहाच्या सुमाराला पंचूनं "डबल" म्हटलं आणि दोन्ही ट्रक निघाले. नवा पंखा जोरात होता. हेडफोन असल्यामुळे गुरुपादप्पांना तो ऐकू येत नव्हता, पण चढ लागला तरी ट्रक अडकला नाही, म्हणून ते खूश होते. चढ जसा वाढला तसा पंखा वाढला. पंखा वाढला तशी पेटी थरथरली, पेटीनं कपाटाला थरथरवलं आणि कपाटावरचा पेला ठणठणत फरशीवर आला. मागोमाग तांब्या.

गुरुपादप्पांनी तिसरा गिअर टाकला.

भिंतीपलीकडे नीलाबाई कणीक मळत होत्या. त्या क्लासच्या मुलांची मेस चालवायच्या, गुरुपादप्पांचं जेवणही तिथूनच यायचं. आवाज त्यांनी लगेच ओळखला. हाताला कणीक तशीच घेऊन त्या रस्त्यावर आल्या आणि ओरडल्या, "तांब्या पडला!"

गल्लीतल्या जुन्या माणसांना याहून जास्त सांगावं लागत नव्हतं. पलीकडच्या घरातला दगडोबा दाढीला साबण लावलेला, तसाच बाहेर आला. वरच्या खोल्यांतली मुलं जिन्यावरून आली. समोरच्या इमारतीत क्लासची परीक्षा चालू होती. खालचा आरडाओरडा ऐकून सगळा क्लास पायऱ्या उतरून रस्त्यावर आला, काही जण उत्तरपत्रिकेसकट. सगळे नळाजवळच्या मोकळ्या जागेत जमले. दगडोबानं शपथेवर सांगितलं की त्याची खुर्ची हलली. टाकीतलं पाणी डचमळताना एकानं पाहिलं होतं. किनवटहून आलेल्या एका मुलाला तर पहिल्या प्रश्नापासूनच गरगरत होतं.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं की गुरुपादप्पा दिसत नाहीत.

हाका मारून झाल्या. दार आतून बंद होतं, उत्तर नव्हतं. गौरम्मा गेल्यापासून त्यांचं कशात लक्ष नाही, त्यांना बाहेर यायचंच नसेल, असं दगडोबा हळूच म्हणाला आणि नीलाबाईंनी कणकेच्या बोटांनी पंचूला फोन लावला.

पंचूच्या एका कानाला हेडफोन होता. दुसऱ्या कानात नीलाबाई सांगत होत्या की लातूरला भूकंप झाला आणि तुझे अप्पा आत अडकलेत. पहिल्या कानात अप्पा विचारत होते की डिझेल इथंच भरावं का पुढं.

"अप्पा, बाहेर पळा. भूकंप झालाय."

गुरुपादप्पांना वाटलं, नांदेडला झाला. "मग तू कामून बसलास? पळ की आधी."

"मी नाही, तुम्ही पळा."

"माझं सोड. तुझा तिसरा मजला हाय. लिफ्टनं जाऊ नको."

"अप्पा, लातूरला झालाय. तांब्या पडलाय. नीलाकाकू फोनवर हायत."

गुरुपादप्पांनी मान वळवली. फरशीवर तांब्या आडवा पडला होता. ते हादरले. पण भर रस्त्यात गाडी सोडून पळायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी इंडिकेटर दिला, मागचं वाहन जाऊ दिलं, ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक ओढला. नांदेडला पंचूच्या कानात इंडिकेटरची टिकटिक वाजत राहिली. "अप्पा," तो ओरडला, "ट्रक खोटा हाय हो." तोवर गुरुपादप्पांनी हेडफोन काढून ठेवला होता. त्यांनी तांब्या उचलला, काखेत घेतला आणि बाहेर आले.

लोकांनी त्यांना धरून नळाजवळ बसवलं. नीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पा घर सोडून आले ते गौरम्माचा तांब्या घेऊनच, हे पाहून मागच्या दोन बायकाही रडल्या. पंचूला कळवावं म्हटलं तर त्याचा फोन लागेना. गल्लीतलं प्रत्येक माणूस कोणाला ना कोणाला तरी फोन करत होतं. इकडे क्लासच्या पोरांनी घरी कळवलं होतं आणि हदगावचे एक वडील मुलाला न्यायला निघालेही होते.

ऊन चढलं. आणखी धक्का काही येईना, पण घरात जायला कोणी तयार नव्हतं. गल्लीचा जुना नियम होता, की तांब्यावर पेला पुन्हा उभा करायचा. तो उभा राहिला तरच आत जायचं. तांब्या गुरुपादप्पांच्या काखेत होता, तेव्हा जायचं त्यांनीच. जाता जाता त्यांनी नीलाबाईंच्या वरणाखालचा गॅस बंद केला आणि आपल्या घरात शिरले.

त्यांनी तांब्या पालथा घातला, वर पेला ठेवला. पेला क्षणभर उभा राहिला, मग बुडावर गोल गोल सरकायला लागला, कडेला आला आणि पडला. ठणठण आवाज बाहेर गेला. "दुसरा धक्का!" दगडोबा ओरडला आणि गर्दी आणखी चार घरं मागे सरकली.

गुरुपादप्पांच्या पायांना काहीच जाणवलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी सीटवर बसून गाडीचं दुखणं ओळखलं होतं. त्यांनी कपाटावर तळहात ठेवला. कपाट गुरगुरत होतं. मग पेटीवर ठेवला. पेटी जास्त गुरगुरत होती. मग ते वाकले आणि उघड्या डब्यात त्यांना आपण पीळ देऊन बांधलेली तार दिसली. एका बाजूनं ती सैल झाली होती आणि पंखा लग्नातल्या वाजंत्र्यासारखा मान हलवत होता.

त्यांनी प्लग ओढला. घर शांत झालं. पेला उभा राहिला.

बाहेर जाऊन नुसतं "चला, उभा राहिला" म्हटलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. तो विचार त्यांच्या मनात आला, आणि बराच वेळ थांबलाही. पण हदगावचा बाप वाटेत होता. बसमध्ये जीव मुठीत धरून बसलेली माणसं त्यांनी आरशात पुष्कळ पाहिली होती. ते बाहेर आले आणि जे होतं ते सांगून टाकलं.

आधी कोणाला कळलंच नाही.

"म्हंजे तुमच्या जर्मनीपायी माझं वरण करपलं म्हणा की," नीलाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्याच हसल्या. मग सगळी गल्ली हसत सुटली. कोणी पडलं नाही, कोणी मेलं नाही, घराला तडा नाही. रागवायचं राहूनच गेलं. दगडोबा तेवढा ठाम होता. भूकंप नसेल झाला, पण त्याची खुर्ची हलली होती. त्या खुर्चीचा एक पाय पहिल्यापासून आखूड आहे, हे कोणी बोललं नाही.

मुलांना मात्र वेगळीच काळजी लागली होती. "आजोबा, ग्राफिक्स कार्ड कोणतं हाय?" एकानं विचारलं, आणि सहा महिने खेळाचं नाव न काढलेला सगळा क्लास गुरुपादप्पांच्या खोलीत शिरला. अपग्रेड करायचा का नवा घ्यायचा, यावर दोन तट पडले. परीक्षेत ज्यांना पंख्याचा वेग काढता आला नव्हता ते या पंख्याचा वेग तोंडपाठ सांगू लागले. शेवटी नीलाबाईंनी निकाल दिला. नवा घ्या नाहीतर काढून टाका, पण हा पुन्हा चालू झाला तर मेसचं जेवण बंद. हा निकाल ऐकून गुरुपादप्पांचं हसू मावळलं. ते दोन्हीकडून पंचूला विचारण्यावरच येत होतं.

फोन लागेना म्हणून मिळेल ती बस धरून दुपारी पंचू आला. तो रिक्षातून उतरला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक होतं आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. अप्पा ओट्यावर धडधाकट बसलेले दिसले आणि तो तिथंच पायरीवर मटकन बसला. नीलाबाईंनी त्याला सगळी हकिगत सांगितली, तसा तो आधी हसला, मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बसमधी लागलं व्हय रे?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"चाकूरपासून."

ड्रायव्हरच्या पोराला बस लागते, यावरून डेपोत त्यांची जन्मभर थट्टा झाली होती. त्यांनी आतून लिंबू आणून दिलं. पंचू लिंबू हुंगत आत गेला आणि पेटीवरचा तो उघडा डबा, ती तार बघत राहिला. आता तो बोलणार, हे गुरुपादप्पांना कळलं. त्यांनी आधीच बोलून टाकायचं ठरवलं.

"टाकून दे म्हणला तरी चालंल मला. तुला सुटीच्या दिशी त्रास कशाला."

पंचूनं लिंबू खाली ठेवलं. मग म्हणाला, "अप्पा, रागावू नका. मला त्या ट्रकमधी बी लागतं."

"कशात?"

"खेळात. वळण आलं की पोटात ढवळतं. रविवारी सकाळी मी काही खात नाही. आलेपाक घेऊन बसतो." तो खाली बघत होता. "तुम्हाला गाडीची आठवण येत असेल, म्हणून घालून दिला. तुम्ही एवढ्या आवडीनं चालवता, बंद कसं करायचं?"

गुरुपादप्पा पेटीच्या कडेला टेकले.

"आवडीनं?" ते म्हणाले. "आरं, सगळा जन्म ते चक्र फिरवलं. पाठ गेली, मान गेली. रिटायर झाल्यावर तुझ्या अव्वाला म्हणलं होतं, आता स्टेअरिंगचं तोंड बघणार न्हाई. अन् तू दिवाळीला येऊन परत ट्रकवर बसवलास."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलणं बंद केलं असतंस तर?"

बाहेर नीलाबाई पोरांना जेवायला हाका मारत होत्या. पंचू हसायला लागला. गुरुपादप्पाही हसले, इतके की कपाट हललं आणि दोघांनी एकदमच हात वर करून पेला धरला. ओझं उतरल्यासारखे दोघं मग जेवायला बसले. करपलेलं वरण पंचूनं दोनदा मागून घेतलं. रात्री राहून तो सकाळी परत गेला. या वेळी रेल्वेनं.

दोन दिवस घर अगदी शांत होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. "जेवलात?" "हो. तू?" "हो." आता "ठेवू?" येणार. गुरुपादप्पांनी फोन घट्ट धरला.

"अप्पा," पंचू म्हणाला, "त्या कॉम्प्युटरचं काय करायचं मग?"

"तेच म्हणलं मी. यासेर म्हणायलाय, नवाच घ्या."

"नवा कशाला? रॅम वाढवली तर चालंल की."

"रॅम वाढवशील, पण गिअरबॉक्स?"

त्या दिवशी तासभर बोलणं झालं. मध्येच शेंगाचटणीत लसूण किती घालायचा तेही निघालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, कारण रॅमचा विषय अर्धवट राहिला होता. मग पंख्याचा निघाला, मग स्क्रीनचा.

आता पावसाळा संपत आलाय. कॉम्प्युटर पेटीवर तसाच आहे, तार काढून ठेवलेली, वर गौरम्माच्या जुन्या साडीचं फडकं झाकलेलं. परवा यासेर मुद्दाम घरी येऊन गेला. एक चांगला नवा सेट आलाय, भाव उतरलाय, आज हो म्हणा, उद्या बसवून देतो, असं त्यानं सांगितलं.

गुरुपादप्पा घाबरलेच. "लगेच कसं ठरवता येईल? कॅबिनेटचा विषय अजून निघालाच न्हाई आमचा."

"अप्पा, चार महिने झाले. खेळायचंय तरी का तुम्हाला?"

तेवढ्यात फोन वाजला. गुरुपादप्पांनी यासेरला हातानंच बस म्हणून खुणावलं, चष्मा काढून ठेवला, पेटीच्या कडेला ऐसपैस बसले आणि फोन कानाला लावला.

"हं, पंचू," ते म्हणाले. "मार डबल."